भाच्याची दोन पत्रं

भाच्याकडे या मे महिन्यात दोन नोकऱ्यांची पत्रं आली आहेत. एक मुंबईतल्या इन्व्हेस्टमेंट बँकेचं, अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी, ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत. दुसरं एका ट्रेडिंग कंपनीचं, क्वांट रिसर्चर म्हणून, म्हणजे बाजारातल्या व्यवहारांसाठी गणिती मॉडेल्स बांधायला. पगार दोन्हीकडे असा, की रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात तो मोठ्याने सांगायला घरच्यांना संकोच वाटतो. उत्तर जूनमध्ये कळवायचं आहे. घरात या क्षेत्रातली मी एकटीच, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे आला: "आत्या, यातलं कुठलं घेऊ?"

मी नोकरीची सुरुवातीची वर्षं इन्व्हेस्टमेंट बँकिंगमध्ये काढली आणि नंतर मॉडेल व्हॅलिडेशनकडे वळले. क्वांट मंडळींनी बांधलेली गणिती मॉडेल्स तपासायची, त्यांची गृहीतकं कुठे तुटतात ते शोधायचं, असं ते काम. दोन्हीकडचं आतलं जग पाहिलेलं असूनही फोनवर मला त्याला सरळ उत्तर देता आलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. त्याच्यासाठी तर आहेच, पण कोकणातून गणिताच्या जोरावर बाहेर पडणाऱ्या आणि घरात विचारायला कुणी नसलेल्या मुलामुलींसाठीही आहे. दरवर्षी कुणी ना कुणी ओळखीतून माझा नंबर मिळवतं आणि हाच प्रश्न विचारतं.

आमच्या घरात नोकरीचा विचार कायम एकाच अंगाने झाला: टिकेल का? आजोबा परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आजोबा गावी आले ते आलेच. गिरणगावात खोली असलेल्या कितीतरी कोकणी घरांची हीच हकिकत आहे. आज त्या लोअर परळमध्ये गिरण्यांच्या जमिनीवर काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्यात बँका, फंड, ब्रोकर कंपन्या आहेत. माझं पहिलं ऑफिस तिथेच होतं. खिडकीतून गिरणीची एक जुनी चिमणी दिसायची आणि ती पाहिल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नसे.

म्हणून दादाने, भाच्याच्या वडिलांनी, पगाराबद्दल काही विचारलं नाही. "यातली टिकाऊ कुठली?" एवढंच विचारलं. त्याला मी खरं ते सांगितलं. त्याच्या अर्थाने दोन्ही टिकाऊ नाहीत. बँकेतले बरेच अ‍ॅनालिस्ट दोन-तीन वर्षांत बाहेर पडतात, कुणी कंपन्यांत मोठे हिस्से घेणाऱ्या प्रायव्हेट इक्विटी फंडांत, कुणी एमबीएला, कुणी एखाद्या कंपनीच्या फायनान्स विभागात. क्वांट डेस्कचं, म्हणजे ट्रेडिंग करणाऱ्या गटाचं, तर असं की नफा आटला की डेस्कच बंद होतं, माणसं हुशार असली तरी. ट्रेडिंग कंपनी सोडताना काही महिने दुसरीकडे काम करायचं नाही, अशीही अट अनेक करारांत असते. ती भाच्याच्या पत्रात आहे का ते पाहायला मी त्याला आधीच सांगितलं.

इन्व्हेस्टमेंट बँक म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला समजावताना मी कोकण रेल्वेपासून सुरुवात करते. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. तेव्हा राजापूरचे खासदार मधु दंडवते देशाचे अर्थमंत्री होते, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि महामंडळाची धुरा ई. श्रीधरन यांच्याकडे आली. भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. पण एवढ्या भांडवलात रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा मार्ग होणार नव्हता. उरलेला मोठा पैसा बाजारात बाँड, म्हणजे व्याज देणारी कर्जपत्रं, विकून उभा केला गेला. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल आमच्याकडच्या शाळकरी पोरांनाही पाठ असतो. तो बोगदा खणण्याआधी कुणाला तरी बसून ठरवावं लागलं होतं की बाँड किती वर्षांचा असावा, व्याज किती द्यावं, ते कोण घेईल आणि गाड्या धावायला लागल्यावर परतफेड झेपेल का. पुढे बरीच वर्षं महामंडळाला व्याजाचं ओझं जड गेलं. पैसा कशा रीतीने उभा केला, याचे परिणाम रूळ टाकून झाल्यावरही किती काळ राहतात ते त्यावरून कळतं.

ज्याला पैसा हवा आणि ज्याच्याकडे पैसा आहे, त्या दोघांमध्ये उभं राहून अटी ठरवणं हे या कामाचं मूळ. कंपनी शेअर बाजारात आणायची (याला आयपीओ म्हणतात), एक कंपनी दुसरीला विकायची, कर्जाची फेररचना करायची, सगळं त्यातच येतं. अ‍ॅनालिस्टच्या वाट्याला एक्सेल येतं, पॉवरपॉइंट येतं, आणि सेबी या बाजार नियामकाकडे दाखल करायच्या आयपीओच्या मसुद्यातली शेकडो पानं पुन्हा पुन्हा तपासणं येतं. आठवड्याचे ८० तास ही या धंद्यात नवलाची गोष्ट नाही. डील जवळ आली की रात्र आणि दिवस यांतला फरक जातो. गणपतीत गावी यायचं तिकीट काढलेलं असतं आणि क्लायंटची मीटिंग नेमकी चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते. कोकणातल्या मुलाला हे आधीच माहीत असलेलं बरं, कारण आपल्याकडे माणूस वर्षभर बाकी कशाला नाही आला तरी चालतं, गणपतीला न येणं मात्र घराला लागतं.

या कामातल्या आकड्याचा स्वभाव मी भाच्याला एका गणिताने दाखवला. समजा एखाद्या कंपनीला पुढच्या वर्षी १०० कोटींचा रोख प्रवाह मिळेल, तो कायम ५ टक्क्यांनी वाढत राहील, आणि आपण सवलतीचा दर, म्हणजे पुढे मिळणारा पैसा आजच्या किमतीत आणायचा दर, १२ टक्के धरला. १०० ला १२ वजा ५, म्हणजे ७ टक्क्यांनी भागायचं. कंपनीची किंमत साधारण १,४२९ कोटी. आता वाढ ५ ऐवजी ६ टक्के धरा. किंमत १,६६७ कोटी. एक टक्का इकडचा तिकडे झाला आणि २३८ कोटींचा फरक पडला. वाढ ५ टक्के की ६, हे कुणालाच माहीत नसतं. विकणाऱ्याचा सल्लागार ६ का योग्य ते सांगतो, घेणाऱ्याचा सल्लागार ५ सुद्धा जास्त का ते सांगतो, आणि दोघंही प्रामाणिक असू शकतात. इथे आकडा बाजू मांडतो. तो खरा होता की खोटा, हे डील झाल्यावर वर्षानुवर्षं उघड होत नाही, आणि होतं तेव्हा तो आकडा काढणारा अ‍ॅनालिस्ट तिथे नसतो.

गणिताचा लळा असलेल्या मुलांना याचा सुरुवातीला त्रास होतो. त्यांना वाटतं, ही तर ठरवून केलेली बेरीज. मला तसं वाटत नाही. बाजू मांडणं हे मोठं काम आहे आणि त्यात माणसं कळतात. एका छोट्या कंपनीचे मालक, वडिलांनी उभारलेला कारखाना विकायला निघाले होते. किंमत ठरली, अटी ठरल्या, आणि सहीच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, "कामगारांना आधी मी स्वतः सांगणार. त्याशिवाय पेपरात काही येता कामा नये." त्या एका वाक्यासाठी सगळं वेळापत्रक पुढे गेलं. घेणाऱ्याचे वकील वैतागले. आमच्या टीममधल्या वरिष्ठ बाईंनी दोन्हीकडे फोन करून ते जमवून आणलं. त्या बाईंचं एक्सेल माझ्याहून चांगलं नव्हतं. पण समोरचा माणूस किंमत सोडून आणखी कशाला जपतो आहे, हे त्यांना लगेच कळायचं, आणि मी त्या खोलीत बसून जे शिकले ते कुठल्याही परीक्षेत नसतं.

दुसऱ्या पत्राचं काम समजावायला मात्र आमची डोंगरावरची आंब्याची बाग कामाला आली. ती कलमं दादा कराराने देतो. मोहोर यायच्या आधी करार केला तर रक्कम कमी मिळते, कारण पुढची सगळी जोखीम घेणाऱ्याची. मोहोर येईल का, थंडी पडेल का, तुडतुडा आणि थ्रिप्स किती त्रास देतील, अवकाळी पाऊस येईल का, मार्चच्या उन्हात फळ गळेल का, हे सगळं त्याच्यावर. फवारणी, राखण, राखणदार नेपाळ्यांचा पगार, पेट्या, वाशीपर्यंतचा ट्रक, दलालाची उचल आणि आडत, तेही त्याचंच. तोच करार कैरी सुपारीएवढी झाल्यावर केला तर रक्कम चढते, कारण बरीचशी अनिश्चितता तोवर संपलेली असते. दादा डोंगरावरची बाग मोहोराआधी देऊन टाकतो आणि घराजवळची कलमं स्वतः करतो. मिळकतीचा एक भाग त्याने पक्का केला, एक भाग उघडा ठेवला. किती पक्का करायचा, हे तो दरवर्षी पडवीत बसून ठरवतो, आणि त्यामागे त्याची पुष्कळ वर्षांची निरीक्षणं असतात.

क्वांटचं काम म्हणजे या अनिश्चिततेची किंमत काढणं. १९०० साली लुई बाशेलिए नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने पॅरिसमध्ये सट्ट्याच्या सिद्धांतावर प्रबंध लिहिला आणि भावांची हालचाल यदृच्छ मानून तिचं गणित मांडलं. आइन्स्टाइनने द्रवातल्या सूक्ष्म कणांच्या थरथरीवरचा लेख लिहिला तो त्यानंतर पाच वर्षांनी. १९७३ मध्ये ब्लॅक आणि शोल्स यांनी, आणि त्यांच्या बरोबरीने मर्टन यांनी, ऑप्शनची, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याच्या किंवा विकण्याच्या हक्काची, किंमत काढायची रीत दिली. तिच्यातली मला अजूनही थक्क करणारी गोष्ट अशी, की शेअर वर जाईल असं तुम्हाला वाटतं की खाली, याला त्या सूत्रात जागाच नाही. अंदाज लागतो तो फक्त शेअर किती हलेल याचा. मोहोराआधीच्या आणि सुपारीएवढ्या कैरीच्या करारातला फरक दादाला कळतो तो याच जागी.

पण बाग आणि ट्रेडिंग डेस्क यांच्यात एक मोठं अंतर आहे आणि ते भाच्याने नीट समजून घ्यावं असं मला वाटतं. दादाला वर्षाला एकच हंगाम मिळतो. डेस्कला दिवसाला हजारो संधी मिळतात. समजा तुमच्याकडे १०० पैकी ५२ वेळा बरोबर येणारी पद्धत आहे, आणि प्रत्येक वेळी एक रुपया मिळतो किंवा जातो. शंभर वेळा खेळलात तर सरासरी नफा ४ रुपये, पण नेहमीचा चढउतार १० रुपयांचा. तीनपैकी साधारण एकदा तुम्ही तोट्यात असाल आणि आपली पद्धत चांगली आहे की वाईट ते तुम्हालाच कळणार नाही. दहा हजार वेळा खेळलात तर सरासरी नफा ४००, चढउतार १०० चा. आता तोटा होणं जवळजवळ अशक्य. पद्धत तीच, फक्त संख्या वाढली. दादा सरासरीवर जगू शकत नाही, डेस्क जगू शकतं. म्हणून दादा कमी पैसे घेऊन पक्का करार करतो आणि त्यात तो पूर्ण शहाणा आहे.

इथे आकडा पैज लावतो. संध्याकाळी बाजार बंद झाला की नफातोट्याचा तक्ता समोर येतो आणि तुमचं बोलणं कितीही गोड असलं तरी तक्ता बदलत नाही. काही मुलांना हे स्वच्छ वाटतं, काहींना असह्य. या कामाचा खरा शत्रू स्वतःचीच बुद्धी असते. काहीही अर्थ नसलेल्या शंभर कल्पना जुन्या भावांवर तपासल्या, तर पाच टक्क्यांच्या कसोटीवर त्यातल्या पाचेक निव्वळ योगायोगाने चमकतात. हुशार माणूस त्या पाचांना लगेच कारणंही चिकटवतो. माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे अशा चमकणाऱ्या कल्पनेसमोर बसून विचारणं: या आधी किती कल्पना टाकून दिल्या? जे ही संख्या ताबडतोब सांगतात त्यांची मॉडेल्स बहुधा बरी निघतात.

आणि सूत्रांवर जास्त भिस्त ठेवल्याने काय होतं, तेही याच क्षेत्राच्या इतिहासात आहे. शोल्स आणि मर्टन यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं. ब्लॅक तोवर वारले होते. हे दोघं लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या फंडाचे भागीदार होते. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाने कर्जफेड थांबवली आणि ज्या पैजा एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं मॉडेल म्हणत होतं, त्या सगळ्या एकदम एकाच दिशेने गेल्या. काही महिन्यांत फंडाने साडेचार अब्ज डॉलरहून अधिक गमावले. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने मध्यस्थी केली, १४ बँका आणि ब्रोकर कंपन्यांनी मिळून ३.६ अब्ज डॉलर घातले, तेव्हा तो फंड शांतपणे गुंडाळता आला. ज्या वर्षी आमच्याकडे मुंबईहून मंगळूरपर्यंत सरळ गाडी जाऊ लागली, त्याच वर्षीची ही गोष्ट. मी ती दरवर्षी नव्या मुलांना सांगते. वरच्या दहा हजार पैजांच्या हिशोबात पैजा एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं आहे, आणि संकटाच्या दिवशी नेमकं तेच खोटं ठरतं.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ती. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने फ्युचर्स-ऑप्शन्सचा, म्हणजे पुढच्या भावावर केलेल्या करारांचा, अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के लोक तोट्यात होते आणि त्यांचा एकत्र तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. तीन-चतुर्थांशांहून अधिक जणांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या खाली सांगितलेलं होतं. ७२ टक्क्यांहून अधिक जण देशातल्या पहिल्या ३० शहरांच्या बाहेरचे होते. म्हणजे रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ यांच्यासारख्या गावांतले. २०२३-२४ या एका वर्षात, खर्च धरायच्या आधी, स्वतःच्या पैशाने ट्रेडिंग करणाऱ्या कंपन्यांनी ३३,००० कोटी आणि परदेशी गुंतवणूकदारांनी २८,००० कोटी कमावले, आणि हा नफा जवळजवळ सगळा अल्गोरिदमने केलेल्या व्यवहारांतून आला. परदेशींचा ९७ टक्के, कंपन्यांचा ९६ टक्के. समोरच्या बाजूला, वैयक्तिक आणि इतर ट्रेडर्सना, त्याच वर्षी ६१,००० कोटींचा तोटा होता.

भाच्याच्या शाळेतले मित्र एक्स्पायरीच्या, म्हणजे करार संपण्याच्या, दिवशी मोबाइलवर ऑप्शन घेतात. एकाने बापाची होडी दुरुस्त करायला ठेवलेले पैसे त्यात घातले. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होडी किनाऱ्यावर ओढलेली असते, हातात वेळ असतो आणि फोनवर कुणीतरी सांगत असतं की हे सोपं आहे. त्या मुलाच्या ऑर्डरच्या दुसऱ्या टोकाला कुठल्या तरी कंपनीचा संगणक असतो, एक्सचेंजच्याच डेटा सेंटरमध्ये ठेवलेला, आणि त्यात भाच्यासारख्याच कुणी लिहिलेला प्रोग्रॅम. भाच्याला हे कळल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आत्या, म्हणजे हे काम वाईट आहे का?"

मला ते वाईट वाटत नाही. विकायला आणि घ्यायला कायम कुणीतरी उभं असतं म्हणूनच पेन्शन फंडाला किंवा दादाच्या म्युच्युअल फंडाला खरेदी-विक्रीच्या भावांतल्या कमी फरकाने व्यवहार करता येतो. ते उपयोगाचं काम आहे. पण दर आठवड्याला संपणाऱ्या ऑप्शन्सच्या प्रचंड उलाढालीचा किती भाग त्या उपयोगासाठी आहे, हा प्रश्न त्याने विचारत राहावं असं मला मनापासून वाटतं. जिथे आपला नफा कुणाच्या खिशातून येतो हे मोकळेपणाने बोललं जात नाही, तिथे मी माझ्या भाच्याला पाठवणार नाही. मुलाखतीत हा प्रश्न विचारायचा. तो विचारल्याने ज्या कंपनीचा चेहरा बदलतो, तिचं उत्तर मिळालेलंच असतं.

बँकेची बाजू यात सोवळी आहे असंही नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये पेटीएमचा शेअर २,१५० रुपयांना लोकांना विकला गेला आणि पहिल्याच दिवशी तो २७ टक्क्यांनी खाली बंद झाला. ती किंमत कुणीतरी मांडली होती, तिच्या समर्थनाची पानं कुणीतरी तयार केली होती. ऑप्शनमध्ये लहान माणूस रोज थोडा थोडा हरतो, महागड्या आयपीओत एकदम. दोन्हीकडे टेबलाच्या या बाजूला बसणाऱ्याला आपला पगार कशासाठी आहे ते ठाऊक असायला हवं.

मग भाच्याने काय घ्यावं? तो नववीत असताना त्याने दादाची आंब्याची जुनी वही काढली होती. तारखा, पेट्या, वाशीचा भाव, सगळं दादाच्या तिरप्या अक्षरात. त्याने त्याचे आलेख काढले आणि दादाला सांगितलं की पहिल्या पेट्यांचा भाव चांगला दिसतो, पण त्यात तुमचा जास्तीचा औषधाचा खर्च धरला तर फायदा तेवढा राहत नाही. दादा चिडला होता. पण पुढच्या वर्षी खर्चाची वेगळी वही सुरू झाली. "मला माहीत नाही" हे वाक्य हा मुलगा सहज बोलतो, आणि संशोधनाच्या डेस्कवर त्या वाक्याची फार गरज असते.

आणि हाच मुलगा गेल्या वर्षी सातबाऱ्याच्या मागे लागला होता. आमच्या जमिनीवर, कोकणात असते तशी, पणजोबांपासूनची नावं आहेत. हिस्सेदार बोरिवलीला, डोंबिवलीला, पुण्याला, एक बडोद्याला. आपसातल्या वाटपाला सगळ्यांची संमती लागते, आणि त्यातल्या दोघांचं आपसात तीस वर्षं बोलणं नव्हतं. भाचा प्रत्येकाकडे जाऊन बसला, चहा प्यायला, जुन्या तक्रारी ऐकल्या, कुणाला विहिरीचा हक्क हवा होता तर कुणाला फक्त मूळ घराच्या जागेत आपलं नाव राहायला हवं होतं, ते त्याने शोधून काढलं. बऱ्याच सह्या त्याने मिळवल्या. तलाठ्याकडे जाऊन आल्यावर तो जितका उजळलेला होता तितका मी त्याला आलेखांपुढेही पाहिलेला नाही.

म्हणूनच मला सरळ उत्तर देता आलं नव्हतं. माझा कल विचाराल तर तो क्वांटकडे आहे, आणि त्याचं कारण वयाचं आहे. बाविसाव्या वर्षी जे गणित हाताशी असतं ते चार वर्षं पिचबुकं, म्हणजे क्लायंटपुढे मांडायची सादरीकरणं, केल्यावर तसं राहत नाही. माणसं समजून घेण्याची हातोटी मात्र वयाबरोबर वाढते. ट्रेडिंगमधून बँकेकडे, कंपनीकडे, सरकारी संस्थेकडे वळलेली माणसं मी पाहिली आहेत. उलट दिशेचा प्रवास माझ्या ओळखीत कमी जणांना जमला. मीही मॉडेल्सकडे वळले तेव्हा संभाव्यताशास्त्र पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं, रात्री जागून. पण सह्या गोळा करून आल्यावरचा त्याचा तो चेहरा आठवला की माझ्या या युक्तिवादाची मला स्वतःला खात्री वाटेनाशी होते.

शेवटी मी त्याला दोन कामं दिली. सेबीच्या संकेतस्थळावर कंपन्यांचे आयपीओचे मसुदे कुणालाही वाचायला मिळतात. त्यातला एक, जाडजूड, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा आणि कंपनी काय लपवत नाही पण हळू आवाजात सांगते आहे ते शोधायचं. दुसरं काम, एनएसई या शेअर बाजाराची रोजच्या भावांची फाइल उतरवून घ्यायची, आपली एक कल्पना आधी कागदावर लिहायची, शेवटच्या दोन वर्षांचे भाव बाजूला झाकून ठेवायचे, उरलेल्या भावांवर ती तपासायची आणि मग झाकलेले भाव एकदाच उघडायचे. एकदाच, ही अट मी दोनदा सांगितली. कुठल्या कामात वेळेचं भान राहत नाही ते पाहा, आणि कुठल्या कामातला कंटाळा सोसवतो तेही पाहा, कारण दोन्हीकडे कंटाळा पुष्कळ आहे.

दुसरं काम त्याने आधी संपवलं. कल्पना झाकलेल्या भावांवर टिकली नाही. त्याने ते त्याच रात्री कळवलं आणि सोबत आधी टाकून दिलेल्या कल्पनांची यादीही पाठवली. सध्या तो मसुद्यात आहे. काल त्याने विचारलं की ऑक्टोबर २०२४ मधला हुंदाईचा २७,८७० कोटींचा आयपीओ सगळाच ऑफर फॉर सेल, म्हणजे प्रमोटरने, मूळ मालकाने, आपले शेअर विकणं होता, कंपनीकडे त्यातला एक रुपयाही आला नाही, मग लोकांनी पैसे नेमके कशासाठी दिले? मी म्हटलं, हे तू वाचतो आहेस त्या मसुद्यातही बघ, पैसा कशासाठी ते सांगणारा 'ऑब्जेक्ट्स ऑफ द इश्यू' हा भाग काढ, किती पैसा कंपनीला आणि किती प्रमोटरला जातो ते लिही, आणि आपल्या बाबांना समजावून सांग. त्यांना पटलं नाही तर का पटलं नाही, ते मला कळव.